चार पाने, पन्नास फोटो : हौशी छायाचित्रकाराची वेबसाइट

हौशी छायाचित्रकाराच्या वेबसाइटला चार-पाच पाने पुरतात. उघडताच एक मोठा फोटो आणि नाव दिसणारे पहिले पान, फोटोंच्या दोन-तीन मालिका, छायाचित्रकाराची थोडक्यात ओळख आणि संपर्काची सोय. याखेरीज जे काही असते, म्हणजे आपोआप सरकणारे फोटो, पार्श्वसंगीत, आजवर किती जण येऊन गेले याचा आकडा, ते बहुतेक वेळा बनवणाऱ्याच्या हौसेखातर असते. पाहणाऱ्याला त्याचे काही नसते. अशी वेबसाइट उभी करायला प्रोग्रॅमर असावे लागत नाही. वेळ जातो तो वेगळ्याच दोन कामांत : कोणते फोटो ठेवायचे हे ठरवण्यात आणि ठरलेले फोटो पडद्यासाठी नीट तयार करण्यात.

इन्स्टाग्राम आणि फेसबुक हाताशी असताना स्वतःची वेबसाइट कशाला, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर गेल्या काही वर्षांच्या इतिहासात मिळते. जागेनुसार फोटो दाखवणारे पॅनोरामियो २०१६ मध्ये बंद झाले. पिकासाही त्याच वर्षी गूगलने आवरते घेतले. २००४ मध्ये सुरू झालेले आणि एके काळी छायाचित्रकारांचा कट्टाच असलेले फ्लिकर २०१८ मध्ये स्मगमगने विकत घेतले आणि त्यानंतर फुकट खात्यांवर १,००० फोटोंची मर्यादा आली. इन्स्टाग्रामने २०१०पासून २०१५पर्यंत प्रत्येक फोटो चौरस चौकटीतच कोंबायला लावला होता. उभ्या सुळक्याचा किंवा आडव्या पठाराचा फोटो तिथे धड मावतच नसे. फोटो कोणत्या आकारात, कोणत्या क्रमाने आणि कशाशेजारी दिसावा हे ठरवण्याचा हक्क परक्या व्यासपीठावर कधीच पूर्ण मिळत नाही. स्वतःच्या वेबसाइटवर तो मिळतो. प्रेक्षक मात्र आपोआप मिळत नाहीत, हेही लक्षात ठेवलेले बरे. म्हणून समाजमाध्यमे सोडायची गरज नाही; तिथून लोकांना वेबसाइटवर आणता येते.

पहिले काम निवडीचे. वीस हजार फोटोंतून पन्नास काढणे हे फोटो काढण्याइतकेच कसबाचे काम आहे, आणि हौशी मंडळींचे घोडे बहुधा इथेच अडते. भिगवणला उजनीच्या पाणलोटात टिपलेल्या रोहित पक्ष्यांचे बारा फोटो छायाचित्रकाराला बारा वेगळे क्षण वाटतात; पाहणाऱ्याला तो एकच फोटो बारा वेळा दिसतो. त्यातला एक थव्याचा, एक उडण्याच्या बेतात असलेल्या पक्ष्याचा आणि एक पाण्यातल्या प्रतिबिंबाचा ठेवला की बाकीचे नऊ निमूट बाजूला जातात. एका मालिकेत बारा ते वीस फोटो पुरे. मालिकेला विषय हवा. ‘निसर्ग’ किंवा ‘इतर’ अशी नावे म्हणजे विषय ठरवायचे टाळलेले असते. ‘पावसाळ्यातले कास पठार’, ‘वारीच्या वाटेवरचे मुक्काम’, ‘सह्याद्रीतल्या किल्ल्यांचे दरवाजे’ अशा नावांतून काय पाहायला मिळणार ते कळते, आणि कोणता फोटो मालिकेत बसत नाही हेही छायाचित्रकाराला चटकन उमगते.

क्रम लावण्याची जुनी रीत अजूनही सर्वांत चांगली आहे. निवडलेल्या फोटोंच्या लहान आकाराच्या स्वस्त प्रती छापायच्या, जमिनीवर किंवा टेबलावर मांडायच्या आणि हलवत राहायचे. पडद्यावर एका वेळी एकच फोटो नीट दिसतो. जमिनीवर सगळी मालिका एकदम डोळ्यांत येते. सलग तीन आडवे, सलग चार सूर्यास्त, एकामागोमाग एक सारख्याच अंतरावरून घेतलेले चेहरे हे दोष तिथे लपत नाहीत.

दुसरे काम म्हणजे फोटो लहान करणे. आजच्या साध्या चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा फोटो ६,००० बाय ४,००० पिक्सेलचा असतो आणि त्याची जेपेग फाइल सहज १० एमबीच्या आसपास जाते. पाहणाऱ्याच्या संगणकाचा पडदा मात्र बहुधा १,९२० बाय १,०८० पिक्सेलचा, आणि अनेक फोनची रुंदी १,०८० पिक्सेलची. म्हणजे मूळ फाइल तशीच चढवली तर बहुतांश पिक्सेल पडद्यावर कधी उमटतच नाहीत, पण पाहणाऱ्याच्या डेटा पॅकमधून मात्र वजा होतात. अशा तीस फोटोंचे पान ३०० एमबीचे होईल. दिवसाला दीड जीबी डेटा मिळणाऱ्या माणसाच्या वाट्याचा पाचवा हिस्सा एका पानात संपला. अर्थात तो तितका वेळ थांबणारच नाही.

म्हणून प्रत्येक फोटोच्या दोन किंवा तीन आवृत्त्या करतात. मालिकेच्या पानावर दिसणारे थंबनेल ६०० पिक्सेलच्या आसपास, फोनवर पूर्ण पाहण्यासाठी सुमारे १,२०० आणि मोठ्या पडद्यासाठी लांब बाजूला २,००० ते २,४०० पिक्सेल. लाइटरूम किंवा डार्कटेबलमधून हे एकगठ्ठा करता येते. जेपेगची गुणवत्ता १०० ठेवण्याचा मोह टाळायचा. ७५ ते ८० या पातळीवर डोळ्यांना फरक जवळपास कळत नाही आणि फाइल कित्येक पटींनी हलकी होते. १९९२ मध्ये प्रमाणित झालेली जेपेगची पद्धत फोटोचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि डोळ्यांना सहसा न जाणवणारे बारकावे त्यांतून गाळते. उजेड-अंधारातले फरक जपून ठेवते, रंगांतले सूक्ष्म फरक अधिक सढळ हाताने सोडून देते. त्यामुळे एकाच आकाराच्या दोन फोटोंचे वजन अगदी वेगळे येऊ शकते. शांत पाण्यातल्या एकट्या बगळ्याची फाइल छोटी होते. कासच्या पठारावरची लाखो फुले आणि गवताची पाती असलेली फाइल तिच्या दुप्पट-तिप्पट. उलट, गुणवत्ता फार उतरवली तर आधी बिघडते ते संध्याकाळचे मोकळे आकाश. रंगाच्या हळुवार उतारावर पट्टे आणि चौकोन दिसू लागतात. म्हणून सगळ्या फोटोंना एकच आकडा लावून मोकळे होण्यापेक्षा आकाश आणि धुके असलेले फोटो एकदा मोठे करून तपासावेत.

वेबपी हा गूगलने २०१० मध्ये आणलेला प्रकार त्याच गुणवत्तेला साधारण पाव ते एक तृतीयांश जागा वाचवतो आणि आता सगळे प्रमुख ब्राउझर तो दाखवतात. २०१९ मधला एव्हिफ आणखी हलका. पण पन्नास फोटोंच्या वेबसाइटला साधा, नीट लहान केलेला जेपेगही पुरेसा आहे. एका गैरसमजाचा मात्र इथेच निकाल लावायला हवा. ‘वेबसाठी फोटो ७२ डीपीआयचा हवा’ हे वाक्य अजूनही शिकवण्यांत ऐकू येते. ब्राउझर हा आकडा पाहतच नाही. त्याला फक्त पिक्सेल किती रुंद आणि किती उंच एवढेच कळते. ७२ आणि ३०० यांतला फरक छपाईच्या वेळी कामाचा. आणखी एक : फोटो लहान केला की तो किंचित मऊ दिसतो, म्हणून लहान केल्यानंतर हलके शार्पनिंग द्यावे. आधी दिलेले शार्पनिंग लहान करताना बरेचसे वाया जाते.

रंगांचा घोळ हा हौशी वेबसाइटवरचा नेहमीचा रोग आहे. अनेक कॅमेरे आणि सॉफ्टवेअर फोटो अडोबी आरजीबी या रंगविश्वात ठेवू देतात. त्यात हिरवे आणि निळसर-हिरवे रंग अधिक विस्तृत असतात, छपाईला ते उपयोगी पडतात. वेबवर मात्र १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मांडलेले एसआरजीबी हेच गृहीत धरले जाते. अडोबी आरजीबीतला फोटो रंगप्रोफाइल न जोडता चढवला, की जंगल फिकट आणि माणसांचे चेहरे निस्तेज दिसतात. फोटो काढणाऱ्याला स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळे छान दिसत असते, म्हणून दोष लक्षातही येत नाही. उपाय साधा आहे : फाइल काढताना एसआरजीबी निवडायचे आणि प्रोफाइल फाइलला जोडलेले ठेवायचे.

मांडणीत पार्श्वभूमीचा रंग आधी ठरवावा, कारण तो फोटोच बदलतो. पांढऱ्याशुभ्र पानावर तोच फोटो जरा काळोखा वाटतो, काळ्यावर अधिक उजळ आणि भडक. रंगीत पार्श्वभूमी तर शेजारच्या रंगांशी भांडते. किंचित करडा किंवा मंद पांढरा रंग सर्वांत कमी ढवळाढवळ करतो. रात्रीचे आणि वन्यजीवांचे फोटो गडद करड्यावर उठून दिसतात. थंबनेलच्या मांडणीतही असाच एक निर्णय दडलेला असतो. सगळी चित्रे चौरस कापून रांगेत बसवली की पान नीटनेटके दिसते, पण उभ्या फोटोतले डोके आणि आडव्या फोटोतली कडा जाते. छायाचित्रकाराने दृश्यचौकटीत तोलून बसवलेली रचना अशी संगणकाच्या हाती देऊ नये. त्यापेक्षा एका ओळीतल्या सर्व फोटोंची उंची सारखी आणि रुंदी त्यांच्या त्यांच्या प्रमाणात ठेवणे चांगले. फ्लिकरने रूढ केलेली ही मांडणी आज बहुतेक तयार साच्यांत मिळते. फोनवर ती आपोआप एकाखाली एक अशी होते, आणि बहुसंख्य लोक फोनवरच पाहणार आहेत हे धरून चालावे.

मजकूर मराठीत असेल तर टायपोग्राफीकडे जरा वेगळ्या नजरेने पाहावे लागते. इंग्रजीसाठी बनवलेल्या साच्यांत दोन ओळींमधले अंतर देवनागरीला अपुरे पडते. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत घुसतात. अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपट किंवा थोडे जास्त ठेवले की वाचन सुखाचे होते. शीर्षकांत अक्षरे विरळ करण्याची इंग्रजी साच्यांची आवडती लकब मराठीत तर घातकच, कारण शिरोरेषा तुटते. मुंबईच्या ‘एक टाइप’ने तयार केलेला ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ असे फॉन्ट फुकट आणि मोकळ्या परवान्याने मिळतात. पानाची भाषा मराठी आहे अशी छोटी नोंद मूळ संकेतांत केली तर काही फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दाखवतात आणि अंधांसाठीचे वाचक सॉफ्टवेअर मराठी आवाज निवडू शकते.

फोटोखालच्या ओळी लिहिणे हे उरलेले काम, आणि तेच सर्वांत जास्त टाळले जाते. ‘सुंदर सूर्योदय’ ही ओळ फोटोत दिसते तेच सांगते. ठिकाण, महिना आणि फोटोत न दिसणारी एखादी गोष्ट सांगणारी ओळ पाहणाऱ्याला थांबवते. तिच्याबरोबर प्रत्येक फोटोला पर्यायी मजकूर द्यावा लागतो. तो पानावर दिसत नाही. दृष्टिहीन वाचकाचे सॉफ्टवेअर तो वाचून दाखवते, फोटो उघडला नाही तर तोच दिसतो आणि शोधयंत्रालाही फोटोत काय आहे याचा त्यातून अंदाज येतो. कॅमेऱ्याने दिलेले ‘डीएससी’ने सुरू होणारे फाइलचे नावही बदलून अर्थपूर्ण करावे. छिद्रमान, शटरचा वेग आणि आयएसओ यांची यादी फोटोखाली द्यायची की नाही हा आवडीचा प्रश्न आहे. शिकणाऱ्यांना ती उपयोगी पडते; बाकीच्यांचे लक्ष फोटोवरून आकड्यांकडे जाते.

आता प्रत्यक्ष बांधणी. वेबपानात मजकुराच्या मधोमध चित्र बसवण्याची सोय १९९३ मध्ये मार्क अँड्रीसनने सुचवली आणि मोझेक ब्राउझरने ती लोकांपर्यंत नेली; मूळ कल्पना अजून तीच आहे. एचटीएमएल पानात काय आहे ते सांगते, सीएसएस ते कसे दिसावे ते. पन्नास फोटोंची वेबसाइट या दोन गोष्टींवर आरामात उभी राहते. फोटोची रुंदी आणि उंची संकेतांत लिहून ठेवली तर ब्राउझर आधीच जागा मोकळी सोडतो आणि फोटो येताच पान खालीवर उड्या मारत नाही. एकाच फोटोच्या तिन्ही आवृत्त्यांची नावे देऊन ठेवली तर पडद्यानुसार योग्य ती आवृत्ती ब्राउझर स्वतः निवडतो. खालचे फोटो वाचक तिथवर पोचल्यावरच मागवायचे अशी सूचनाही देता येते. मात्र अगदी वरच्या पहिल्या फोटोला ती देऊ नये, नाहीतर जे सर्वांत आधी दिसायला हवे तेच उशिरा येते. फोटोवर बोट ठेवताच तो काळ्या पडद्यावर मोठा होण्याची सोय लोकप्रिय आहे, पण प्रत्येक फोटोला स्वतःचे पान आणि स्वतःचा पत्ता असेल तर तो एकच फोटो कुणालाही पाठवता येतो.

हाताने लिहायचे नसेल तर ह्युगो किंवा जेकिलसारखी साधने फोल्डरमधल्या फोटोंवरून तयार पाने काढून देतात. २००३ पासून चालत आलेले वर्डप्रेस याहून सोपे वाटते आणि त्यात मराठी लिहिणेही सुखाचे आहे. पण त्यामागे डेटाबेस आहे, प्लगिन आहेत, आणि ते वेळच्या वेळी अद्ययावत केले नाहीत तर घुसखोरांना दार उघडे मिळते. जो वर्षातून दोनदाच नवे फोटो घालणार आहे त्याने हे ओझे घेऊ नये. विक्स, स्क्वेअरस्पेस किंवा अडोबी पोर्टफोलिओ यांच्यावर संकेतांचे तोंडही पाहावे लागत नाही. तिथे बहुधा दरमहा किंवा दरवर्षी पैसे भरावे लागतात, आणि भरणे थांबले की वेबसाइट पूर्वीसारखी चालत नाही. साध्या स्थिर पानांना गिटहब पेजेस किंवा क्लाउडफ्लेअर पेजेसवर फुकट जागा मिळते. गिटहबची मर्यादा १ जीबीची. नीट लहान केलेले पन्नास फोटो तीन-तीन आवृत्त्यांसह त्याच्या दहाव्या हिस्स्यातही मावतात.

डोमेन म्हणजे वेबसाइटचा पत्ता, आणि तो विकत मिळत नाही, वर्षाच्या भाड्याने मिळतो. नाव छोटे, फोनवर सांगितले तरी चुकणार नाही असे घ्यावे. २०१४ पासून ‘डॉट भारत’ या शेपटीसह देवनागरी पत्ताही घेता येतो. पण ज्यांच्या फोनवर मराठी कळफलक नाही त्यांच्यासाठी रोमन लिपीतला पत्ता सोबत असावा. सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळते आणि बहुतेक होस्टिंग सेवा ते आपणहून लावतात. व्हॉट्सॲपवर दुवा पाठवला की खाली दिसणारे छोटे चित्र आणि शीर्षक यांसाठी फेसबुकने २०१० मध्ये आणलेल्या ओपन ग्राफच्या तीन-चार ओळी पानात घालाव्या लागतात. महाराष्ट्रात बहुतेक लोक वेबसाइटपर्यंत याच वाटेने येणार असल्याने हे काम विसरू नये.

फोटो चढवण्याआधी त्याच्या पोटात काय दडले आहे तेही पाहायला हवे. कॅमेरा आणि फोन प्रत्येक फाइलमध्ये एक्झिफ नावाची माहिती लिहितात : तारीख, वेळ, लेन्स आणि पुष्कळदा जीपीएसचे अक्षांश-रेखांशही. घराच्या गच्चीवरून काढलेला चंद्राचा फोटो अशा रीतीने घराचा पत्ता जगाला सांगू शकतो. वन्यजीवांच्या बाबतीत गोष्ट अधिक गंभीर आहे. आंबोलीतला मलबारी चापडा हा साप एकाच फांदीवर बराच काळ बसून राहतो. शृंगी घुबड वर्षानुवर्षे त्याच कपारीत घरटे करते. नेमकी जागा उघड झाली की कॅमेरे घेऊन गर्दी येते आणि कधी पकडणारेही येतात. अशा फोटोंतून स्थानाची नोंद काढून टाकावी आणि ओळीत तालुक्यापलीकडे काही लिहू नये. फाइल काढताना स्थान वगळून फक्त नाव आणि हक्काची माहिती ठेवण्याचा पर्याय लाइटरूममध्ये मिळतो.

हक्कांबद्दल भारतीय कायदा बऱ्यापैकी स्पष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने फोटो काढताक्षणी हक्क निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो हयातभर आणि मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. पण एक पोटकलम हौशी लोकांना ठाऊक नसते : मोबदला घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम सांगणारा असतो. म्हणून ओळखीच्या लग्नात पैसे घेऊन काढलेले फोटो वेबसाइटवर लावण्यापूर्वी लेखी परवानगी घ्यावी. लहान मुलांच्या फोटोंना पालकांची संमती हवीच. चोरी रोखण्यासाठी उजवी क्लिक बंद करणे निरर्थक आहे, स्क्रीनशॉट कुणीही घेऊ शकतो. आणि फोटोच्या मधोमध भलेमोठे नाव छापणे म्हणजे स्वतःच स्वतःचा फोटो खराब करणे. कोपऱ्यात लहानसे नाव आणि २,००० ते २,४०० पिक्सेलची मर्यादा एवढे संरक्षण पुरे. वापराची मुभा द्यायची असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना स्पष्ट शब्दांत नमूद करावा.

वेबसाइट लोकांसमोर ठेवण्याआधी ती स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनवर, वायफाय बंद करून उघडून पाहावी. गूगलचे पेजस्पीड इन्साइट्स हे साधनही मोफत आहे. पानातले सर्वांत मोठे चित्र अडीच सेकंदांच्या आत दिसले तर ते त्याला चांगले म्हणते. त्यानंतर दोन कामे कायमची मागे लागतात. डोमेनचे भाडे मुदतीआधी भरणे, कारण मुदत उलटलेले नाव दुसरा कुणीही घेऊ शकतो. आणि मूळ फोटोंच्या प्रती जपणे. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम असा की तीन प्रती हव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. वेबसाइटवर चढवलेली प्रत या तिन्हींत मोजायची नाही. ती लहान केलेली आहे, आणि तिच्यापासून भिंतीवर लावण्याजोगी मोठी छपाई कधीच होणार नाही.